पोटॅशची नळी, घोड्याचे रक्त आणि कर्नाळ्याचा वनरक्षक

#धागा #इतिहास #पनवेल

डिसेंबर २०२१ मध्ये, नाताळच्या रात्री, पनवेलजवळील आपल्या फार्महाऊसवर अभिनेते सलमान खान यांना साप चावला. त्यांना तातडीने कामोठ्याच्या रुग्णालयात नेण्यात आले आणि काही तासांतच ते घरी परतले. साप बिनविषारी असल्याचे सांगण्यात आले. दोन दिवस समाजमाध्यमांवर विनोदांचा पाऊस पडला आणि विषय संपला.

विनोद बाजूला ठेवले तर या घटनेत सर्पदंशाच्या प्रथमोपचाराचे आधुनिक सूत्र अचूक पाळलेले दिसते. जखम कापली नाही, चोखली नाही. वाहन काढले आणि रुग्णालय गाठले. हे सूत्र आज इतके साधे वाटते की त्यामागे सव्वाशे वर्षांच्या चुका, प्रयोग आणि वाद आहेत हे लक्षातही येत नाही. या इतिहासाचा बराच भाग पनवेलपासून हाकेच्या अंतरावर घडला. काही परळच्या प्रयोगशाळेत, काही महाडजवळच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. आणि ज्याला या ज्ञानाची गरज सर्वाधिक, तो खाकी गणवेशातला माणूस या इतिहासात बहुधा शेवटच्या रांगेत उभा असतो.

प्रस्तुत धागा त्या माणसाविषयी, आणि त्याच्या हाती वेळोवेळी काय देण्यात आले याविषयी आहे.

पनवेलहून गोव्याच्या दिशेने निघाले की बारा-तेरा किलोमीटरवर रस्ता कर्नाळ्याच्या अभयारण्यातून जातो. डावीकडे वर पाहिले की किल्ल्याचा तो प्रसिद्ध अंगठ्यासारखा सुळका दिसतो. (वाटेतले शिरढोण हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव, त्यांच्या आजोबांकडे कर्नाळ्याची किल्लेदारी होती असे सांगितले जाते. तो वेगळ्या धाग्याचा विषय.) १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झालेले हे जंगल लहान आहे, सुमारे बारा चौरस किलोमीटर. मुंबईच्या इतक्या जवळ, महामार्गाने दुभागलेले. दुर्गम म्हणावे असे त्यात काय आहे?

वनखात्याच्या भाषेत जंगलाची विभागणी परिक्षेत्र, परिमंडळ आणि नियतक्षेत्र अशी होते. सर्वांत खालचा घटक नियतक्षेत्र, बोलीत ‘बीट’. एका बीटावर एक वनरक्षक. सोबतीला असलाच तर एखादा वनमजूर. त्याचे काम पायी चालण्याचे. पावसाळ्यात कर्नाळ्याच्या उतारावर त्याला चापडा दिसतो, पालापाचोळ्यात फुरसे असते, दगड उचलला की विंचू, आणि सुळक्याच्या कड्यावर आग्या माश्यांची मोहळे लटकलेली. त्याला काही झाले तर महामार्ग दिसत असतो, पण तिथवर त्याला खांद्यावर आणावे लागते. दुर्गमता किलोमीटरमध्ये मोजायची नसते, मिनिटांमध्ये मोजायची असते.

आणि शंभर वर्षांपूर्वी ही मिनिटे नव्हती, दिवस होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जा. कोकणात सर्पदंश ही प्रशासनाचीही डोकेदुखी होती. रत्नागिरी जिल्ह्यात १८६० च्या दशकात फुरसे मारून आणणाऱ्याला सरकारी बक्षीस जाहीर झाले, तेव्हा लोकांनी लाखांच्या संख्येने फुरशी आणून कचेरीसमोर ओतली. हातभरही लांब नसलेला हा साप. पण त्याच्या विषाने रक्त गोठणे थांबते, हिरड्यांतून रक्त येऊ लागते आणि माणूस कधी दुसऱ्या, कधी पाचव्या दिवशीही दगावतो. बक्षिसाने साप संपले नाहीत. तिजोरी मात्र हलकी झाली.

उपचार काय होते? गावात मांत्रिक आणि देवऋषी. कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला नाही तर विष चढले असे समजायचे. या पद्धतींची आज टिंगल करणे सोपे आहे. पण त्या टिकल्या याचे एक साधे कारण आहे. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी, आणि विषारी सापाचाही प्रत्येक दंश विष टोचतोच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेल्या बऱ्याच जणांना तसेही बरे व्हायचेच होते. श्रेय मंत्राला मिळाले.

साहेबांचे शास्त्र त्या काळी फार वेगळे होते असे समजण्याचे कारण नाही. सर जोसेफ फेरर यांचा ‘द थॅनॅटोफिडिया ऑफ इंडिया’ हा भव्य सचित्र ग्रंथ १८७२ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय विषारी सापांवरचा तो मैलाचा दगड. फेरर यांनी कलकत्त्यात असंख्य प्राण्यांवर प्रयोग केले आणि प्रचलित उताऱ्यांपैकी एकही खरा उतारा नाही हे प्रामाणिकपणे मान्य केले. मग सुचवले काय? दंशाच्या वर घट्ट बांधा, जखम कापा, डागा. म्हणजे शरीरात गेलेले विष हाताने बाहेर काढता येईल, या कल्पनेवरच सारे उभे होते. ही कल्पना पुढे शतकभर सुटली नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये ‘प्रथमोपचार’ ही संकल्पना आकार घेत होती. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशनची स्थापना १८७७ ची. डॉक्टर येईपर्यंत सामान्य माणसाने काय करावे हे सामान्य माणसालाच शिकवायचे, हा विचार तेव्हा नवा होता. लष्करी शल्यविशारद पीटर शेफर्ड यांनी १८७८ मध्ये त्याचे पहिले वर्ग घेतले आणि पाठ्यपुस्तिकाही लिहिली. पुस्तिका वाचकांच्या हाती पडेपर्यंत शेफर्ड हयात नव्हते. जानेवारी १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत इसांडलवानाच्या लढाईत जखमींची शुश्रूषा करताना ते मारले गेले. त्रिकोणी पट्टी, हाडाला फळीचा आधार, काठ्या आणि कापडाची डोली हे सारे त्या परंपरेतून भारतात आले, आणि मुख्यतः पोलीस व रेल्वे यांच्यापर्यंत पोहोचले.

योगायोग असा की देहरादूनची वनशाळा आणि भारतीय वन कायदा हेही १८७८ चेच. जंगलाचे रक्षण करणारी नोकरशाही आणि जखमी माणसाला सांभाळण्याची शिस्तबद्ध विद्या एकाच वर्षी अंगावर आल्या, आणि बराच काळ एकमेकींकडे पाहिलेही नाही. वन कायद्याचा जीव लाकडात होता. वनरक्षकाने सागाचा हिशेब ठेवायचा. त्याचा हिशेब कोणी ठेवायचा हा प्रश्न तेव्हा कोणाला पडला नव्हता.

१९०४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीसमोर एक निबंध सादर झाला. लेखक तीन : लॉडर ब्रंटन, वृद्ध झालेले फेरर आणि बंगालमध्ये काम करणारे लेनर्ड रॉजर्स. त्यांचे साधन अतिशय सुटसुटीत होते. बोटाएवढी नळी, एका टोकाला छोटे पाते, दुसऱ्या टोकाला पोटॅशियम परमँगनेटचे जांभळे स्फटिक. साप चावला की वर बांधायचे, पात्याने जखम उघडायची आणि स्फटिक थुंकीत कालवून आत चोळायचे. परमँगनेट विषाला निकामी करते हे काचेच्या भांड्यात सिद्ध झाले होते.

खिशात मावणारे, स्वस्त, अशिक्षितालाही वापरता येणारे. दुर्गम भागातल्या शिपायासाठी याहून आदर्श वस्तू कोणती? ‘ब्रंटन लॅन्सेट’ या नावाने ती भारतभर पसरली आणि कित्येक दशके लोकांच्या खिशांत, प्रवासी पेट्यांत राहिली. आपल्याकडच्या जुन्या घरांतही ‘साप चावल्यास पोटॅश भरावे’ हे वाक्य आजोबांच्या पिढीपर्यंत ऐकू येत होते. त्याचा उगम इथे आहे.

अडचण एकच होती. काचेच्या भांड्यात विष आणि परमँगनेट समोरासमोर असतात. शरीरात तसे नसते. दात काढून घेण्याच्या क्षणीच विष ऊतींमध्ये खोल पसरू लागते. पाते तिथे पोहोचेपर्यंत परमँगनेटला गाठायला काही उरत नाही. उरते ती कापलेली शीर, जळलेले मांस आणि काही दिवसांनी सडणारा पाय. त्यातही फुरशाच्या दंशात रक्त गोठण्याची शक्तीच नष्ट होत असते. अशा माणसाची जखम पात्याने कापणे म्हणजे त्याचे रक्तस्रावाचे दार उघडून देणे.

या नळीने कोणाचा जीव वाचला असेल तर तो बहुधा बिनविषारी सापाने चावलेल्याचा. पुन्हा तेच कडुनिंबाचे गणित, फक्त या वेळी मंत्राच्या जागी रसायन होते.

आता परळकडे वळू.

१८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. पुढे तिलाच ‘हाफकिन इन्स्टिट्यूट’ हे नाव मिळाले (१९२५). पण याच वास्तूत सर्पविषाच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान लिहिले गेले, त्याची चर्चा फारशी होत नाही.

फ्रान्सच्या पाश्चर संस्थेतले आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात घोड्यांना नागाचे विष वाढत्या मात्रेत टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष मिळवले होते. घोड्याचे शरीर विषाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. ती रक्तद्रवातून वेगळी काढायची आणि दंश झालेल्या माणसाला शिरेतून द्यायची. तत्त्व आजही हेच आहे. काल्मेत यांचा दावा मात्र व्यापक होता. हा रक्तद्रव सर्वच सापांच्या विषावर चालेल असे त्यांना वाटे. परळच्या प्रयोगशाळेत काम करणारे डॉ. जॉर्ज लँब यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांतच तो तपासला आणि खोडून काढला. नागाविरुद्धचे प्रतिविष घोणशीच्या विषापुढे निष्प्रभ ठरत होते. ज्या सापाचे विष, त्याचेच प्रतिविष लागते.

हे एका वाक्याचे ज्ञान आहे, पण त्याचा परिणाम दूरगामी झाला. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर बळी घेणारे साप चार : नाग, मण्यार, घोणस, फुरसे. तेव्हा प्रतिविषही चौघांविरुद्ध हवे. कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेने (स्थापना १९०५) आधी नाग आणि घोणस यांविरुद्ध ते बनवले. स्वातंत्र्याच्या आगेमागे हाफकिनमध्ये चारही सापांचे विष वापरून बहुगुणी प्रतिविष बनू लागले. त्यासाठी लागणारी फुरशी रत्नागिरी भागातून येत. ज्या सापाला मारण्यासाठी एकेकाळी बक्षीस होते, त्यालाच आता जिवंत पकडून मुंबईला पाठवले जात होते.

इथे नकाशा उघडावा. परळ ते पनवेल हे सरळ रेषेतले अंतर सुमारे तीस किलोमीटर. पण मध्ये खाडी. ठाणे खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ चा. त्याआधी पनवेलकराला मुंबई गाठायची तर ठाण्याला वळसा घालायचा किंवा जलमार्गाने जायचे. म्हणजे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातल्या कातकरी माणसाला फुरसे चावले, तर त्यावरचे जगातले सर्वोत्तम औषध त्याच्यापासून तीस किलोमीटरवर बनत होते, आणि तरीही ते त्याच्यासाठी नव्हते. वैद्यकाचा इतिहास केवळ शोधांच्या तारखांनी लिहिला की ही खाडी दिसत नाही.

तिला ओलांडण्याचा एक मार्ग तांत्रिक होता. द्रवरूप प्रतिविष थंड ठेवावे लागते. विजेविना ते टिकत नाही. गोठवून वाळवलेली भुकटी मात्र साध्या तापमानात दीर्घकाळ राहते आणि ऐनवेळी निर्जंतुक पाण्यात विरघळवता येते. तालुक्याच्या दवाखान्यात, वीज नसलेल्या केंद्रात प्रतिविष ठेवता आले ते या भुकटीमुळे. युद्धकथांइतके हे रोमहर्षक नाही, परंतु कोकणातील किती जण या एका प्रक्रियेमुळे जगले असतील याचा विचार करून पाहावा.

दुसरा मार्ग ओळखीचा होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (स्थापना १८८३) फ्रँक वॉल यांची विषारी सापांची ओळख करून देणारी पुस्तिका काढली. तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. वॉल लष्करी डॉक्टर. त्यांची पद्धत खवले मोजण्याची : पाठीच्या मधल्या रांगेतले खवले मोठे असतील तर मण्यारीचा संशय घ्या, वरच्या ओठाचा तिसरा खवला नाकपुडीला आणि डोळ्यालाही भिडत असेल तर नाग-कुळाचा. सुंदर आणि अचूक पद्धत. फक्त त्यासाठी साप मेलेला आणि हातात असावा लागतो. ‘साप मारून दवाखान्यात आणा’ हा सल्ला यातूनच रूढ झाला, आणि त्यापायी दुसरा माणूसही चावून घेऊ लागला. आजचा सल्ला उलट आहे. शक्य असेल तर दुरून छायाचित्र घ्या, नसेल तर राहू द्या. डॉक्टर लक्षणांवरून ओळखतील.

ते कसे ओळखतात हेही जाणून घेण्याजोगे आहे. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त घ्यायचे आणि वीस मिनिटे हात न लावता ठेवायचे. नंतर नळी एकदा तिरपी करायची. रक्त गोठले नसेल तर घोणस किंवा फुरसे यांचे विष चढले आहे. डेव्हिड वॉरेल आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात नायजेरियात, फुरशाच्याच जातभाईच्या दंशांवर काम करताना ही चाचणी रूढ केली. वीज नको, यंत्र नको. नळी आणि घड्याळ पुरते. मण्यारीची गोष्ट निराळी. ती रात्री अंथरुणात शिरून चावते, दंश दुखत नाही, खूणही सापडेल असे नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, आणि मग श्वास. चौकीत जमिनीवर झोपणाऱ्या वनमजुरासाठी सर्वांत घातक साप हाच. त्यावरचा सर्वांत परिणामकारक प्रतिबंध कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही : खाट आणि मच्छरदाणी.

सापाबद्दल इतके, पण रायगड जिल्ह्याचे जागतिक वैद्यकाला खरे योगदान विंचवाचे आहे.

१९७६ मध्ये जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. नाव हिम्मतराव बावस्कर. गरिबीतून, पडेल ते काम करत शिकलेला. त्याच्यासमोर कोकणातल्या लाल विंचवाने डंखलेली माणसे, विशेषतः मुले येऊ लागली. ओकाऱ्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय. मग तोंडाला फेस, धाप, आणि मृत्यू. पाठ्यपुस्तकात विंचू म्हणजे वेदना, इतकेच लिहिलेले. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेशेजारी बसून तासातासाची नोंद ठेवली आणि मृत्यूचे कारण हृदयाचे काम ढासळणे व फुप्फुसांत पाणी भरणे हे असल्याचे दाखवले. त्यांचे पत्र १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. कोकणातल्या खेड्यात काम केलेल्या माणसाने लंडनच्या नियतकालिकाला तिथले मृत्यू समजावून सांगणे, हे त्या काळी किती अपूर्व असेल!

कारण कळल्यावर उपचार शोधता आला. विंचवाच्या विषाने शरीरात संप्रेरकांचे वादळ उठते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य भार पडतो. त्या वाहिन्या सैल करणारे औषध हवे. प्रॅझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. १९८६ मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यांच्याच नोंदींनुसार गंभीर रुग्णांतले मृत्यूचे प्रमाण शंभरात सुमारे तीसवरून तीनच्या आत आले. पुढे विंचवाचे प्रतिविषही उपलब्ध झाले. २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या महाडच्या चाचणीत प्रतिविष आणि प्रॅझोसिन दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत सावरले; केवळ प्रॅझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही सहभाग होता. २०२२ मध्ये हिम्मतरावांना पद्मश्री मिळाली.

वनरक्षकाच्या दृष्टीने या शोधाचे मोल कशात आहे? गोळी तोंडाने घ्यायची आहे. अतिदक्षता विभाग लागत नाही, पहिला उपचार खेड्यातल्या केंद्रातच सुरू होतो. पाठ्यपुस्तकाने न पाहिलेला मृत्यू तिथे पाहिला गेला, हेही महत्त्वाचे. दुर्गम भागाला औषध पुरवले जाते इतकेच आपण शिकतो. औषध दुर्गम भागातूनही येते हे क्वचितच.

पुन्हा पट्टीकडे येऊ, कारण तिची कथा अजून अपुरी आहे.

सर्पदंशात दोरी आवळून बांधणे हा सल्ला विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्या शालेय पुस्तकांत आणि चित्रपटांत होता. ऑस्ट्रेलियात स्ट्रुअन सदरलँड यांनी १९७९ मध्ये वेगळी पद्धत मांडली : दोरी नको, संपूर्ण अवयवावर रुंद पट्टी गुंडाळा आणि फळीने स्थिर करा. तिथले घातक साप मुख्यतः चेतासंस्थेवर घाला घालणारे, म्हणून तिथे ती उपयोगी ठरली. आपल्याकडे घोणस आणि फुरसे चावल्या जागीच मांस नासवतात; दाबून ठेवलेले विष तिथेच अधिक हानी करण्याची भीती. त्यामुळे ऑस्ट्रेलियाची पट्टी सह्याद्रीत जशीच्या तशी चालत नाही. लँब यांचा धडा इथे पुन्हा भेटतो : साप बदलला की शास्त्र बदलते.

भारतासाठीची राष्ट्रीय उपचारपद्धती २००७ च्या सुमारास एकत्रित झाली. प्रथमोपचाराचा भाग छोटा आहे. धीर द्या. अंगठी, कडे, बूट काढा, कारण सूज येणार. मोडलेल्या हाडाला देतो तसा आधार देऊन अवयव स्थिर ठेवा. रुग्णाला चालू देऊ नका. कापू नका, चोखू नका, बर्फ लावू नका, आवळून बांधू नका. आणि आधीच कोणी आवळून बांधले असेल तर ते वाटेत सोडू नका, रुग्णालयात डॉक्टरांच्या देखतच सोडा, कारण साचलेले विष एकदम उसळते. यातले निम्मे नियम काय करू नये याचे आहेत. आधीच्या शंभर वर्षांत जे शिकवले ते पुसण्यासाठीच जणू ही यादी लिहिली गेली.

पण गंमत पाहा. हीच आवळपट्टी दुसऱ्या दाराने परत आली. इराक आणि अफगाणिस्तानातल्या युद्धांत हातापायाच्या भळभळत्या जखमांवर वेळीच आवळलेल्या पट्टीने अनेक सैनिक वाचले, आणि पहिल्या महायुद्धापासून बदनाम झालेले हे साधन पुन्हा प्रथमोपचाराच्या पेटीत आले. अस्वलाने मांडी फाडली, रानडुकराने शीर कापली, तर दाबूनही रक्त थांबत नसल्यास आवळपट्टी बांधायलाच हवी. म्हणजे एकाच पट्टीबद्दल वनरक्षकाला दोन विरुद्ध नियम एकाच वेळी ठाऊक असावे लागतात. शहरी प्रशिक्षणाचा साचा त्याला पुरत नाही तो यामुळे. शहरात रुग्णवाहिका येईपर्यंतची दहा मिनिटे काढायची असतात. बीटावर रुग्णवाहिकेपर्यंत जाणारे दोन-चार तास.

या तासांची किंमत आकड्यांत पाहायची तर : २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली; वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक ग्रामीण, आणि बरेच मृत्यू रुग्णालयाबाहेरचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत स्थान दिले, आणि भारताने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. फेरर यांच्या ग्रंथानंतर दीडशे वर्षांनी.

वनरक्षक फक्त सापानेच मरत नाही, हे ताडोब्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये दिसले. व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी चाललेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ओढून नेले. तिच्यासोबत होते ते वनमजूर, हातात काठ्या. प्रत्येक दुर्घटनेवर प्रथमोपचार हे उत्तर नसते, आणि त्या दिवशी कोणतीही पेटी उपयोगी पडली नसती. पण अशा प्रसंगानंतर सोबत्यांनी आधी कोणाला कळवायचे, माणूस कशावरून न्यायचा, हेही प्रशिक्षणाचेच विषय आहेत. दोन सरळ बांबू आणि दोन खाकी शर्ट : बाह्या आत वळवून, बटणे लावून, त्यांतून बांबू ओवले की डोली होते. शेफर्ड यांच्या काळापासून हे तंत्र बदललेले नाही, आणि कर्नाळ्याच्या उतारावर आजही त्याला पर्याय नाही.

कर्नाळ्याचा वनरक्षक तुलनेने सुदैवी. महामार्ग पायथ्याशी आहे, तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटरचे काम आहे, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. खाडीवर पूल आहे. मेळघाटातल्या किंवा भामरागडमधल्या त्याच्या सहकाऱ्याकडे यातले फार थोडे आहे.

तरीही एक फट उरते, आणि ती लँब यांनीच दाखवलेली आहे. आज भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तामिळनाडूतून येते. चेन्नईजवळच्या इरुळा समाजाची सहकारी संस्था १९७८ पासून साप पकडते, विष काढते आणि साप पुन्हा सोडून देते. सापांच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर उपजीविका गमावलेल्या लोकांनी उभे केलेले हे काम विलक्षण आहे. पण तामिळनाडूची घोणस आणि महाराष्ट्राची घोणस यांचे विष हुबेहूब सारखे नसते. बंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी गेली काही वर्षे हेच फरक मोजत आहेत. काही प्रदेशांत प्रचलित प्रतिविष अपेक्षेपेक्षा बरेच कमी पडते असे त्यांना आढळले.

आणि कर्नाळ्याच्या वेलींवर बसणारा तो हिरवा चापडा? त्याचा दंश सहसा जीव घेत नाही; पण हात कोपरापर्यंत सुजतो, दिवसेंदिवस ठणकतो. चार सापांच्या यादीत त्याचे नाव नाही, म्हणून बहुगुणी प्रतिविष त्याच्यावर चालत नाही. त्याने चावलेल्या वनरक्षकाची अंगठी काढायची, हाताला फळी बांधायची, सुजेच्या कडेला पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ लिहायची आणि त्याला खाली आणायचे. पुढचे डॉक्टर त्या रेघेवरून ठरवतात.